खोत हवालदारांची पोझिशन

माझ्या दुकानात माणसं माप द्यायला मोकळ्या हातांनी येतात. खोत हवालदार येतात ते डाव्या काखेत चामड्याची पिशवी, उजव्या काखेत भाता आणि छातीवर तीन लाकडी नळ्या आडव्या घेऊन. नळ्या दाराच्या चौकटीला लागू नयेत म्हणून अंग तिरपं करून आत शिरतात, आरशासमोर ताठ उभे राहतात आणि म्हणतात, "मास्तर, घ्या माप. हे समदं धरून घ्या."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी टेप गळ्यात तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिलो. शिवाजी पेठेत तीस वर्षं शिलाई मशीन चालवतोय. पहिलवानाच्या छातीला टेप पुरली नाही म्हणून सुतळीनं माप घेतलंय, हळदीच्या दिवशी नवरदेवाचा कोट उसवून परत शिवलाय, फुटबॉलच्या दोन वैरी संघांच्या जर्सी एकाच कपाटात ठेवून दोघांनाही पत्ता लागू दिलेला नाही. पण वाद्यासकट माप देणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. आणि त्यानं ते एकदा नाही, सात वेळा दिलं.

वाद्य म्हणजे बॅगपाइप. मिलिटरीच्या बँडात असतो तो. तोंडानं फुंकून काखेतल्या पिशवीत हवा भरायची, पिशवी कोपरानं दाबायची, म्हणजे पुढच्या एका नळीवर बोटांनी धून वाजते आणि वरच्या तीन नळ्या आपापला एकच सूर धरून बसतात. या तिघींना ड्रोन म्हणतात. लग्नात डोक्यावर घोंघावतो तो वेगळा. हवालदार मात्र ड्रोन म्हणत नाहीत. ते थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात. "धाकटी आज रुसलीया", "थोरलीला दमट हवा सोसत न्हाई", असं ते चारचौघांत इतक्या सहज बोलतात की गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी थोरलीसाठी कागलचं एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा इंजिनिअर होता.

हवालदारांचं गाव राधानगरीकडचं. उंची पाच फूट दहा, छाती चाळीस, पोट नाही. साठी उलटली तरी पाठ अशी की शर्टाला मागून एक चुणी पडत नाही. चोवीस वर्षं सैन्यात होते, त्यातली बहुतेक बँडात गेली. तिथून सुटल्यावर बारा वर्षं परगावी एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक होते. तेवढा सगळा काळ त्यांची बायको गोदाक्का गावाकडे भात आणि म्हशी सांभाळत होती. दोघं एका छपराखाली आले ते पाच वर्षांपूर्वी, आमच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या तेव्हा. मुलगा नोकरीसाठी लांब असतो.

इथं आल्यावर वर्षाच्या आत हवालदारांना छातीचं मोठं दुखणं झालं. जगले, पण दम गेला. डॉक्टरांनी बजावलं की आता फुगासुद्धा फुगवायचा नाही. सैन्यातून निघताना बँडातल्या सोबत्यांनी दिलेला जुना पाइप ट्रंकेत होता. दुसऱ्या कोणी तो तिथंच राहू दिला असता. हवालदारांनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी दुकानात येऊन मला विचारलं, "मास्तर, लोहाराचा भाता काय तोंडानं चालतोय?"

भात्यावर चालणारा पाइप परदेशात कुठेतरी वाजवतात, एवढं त्यांनी नोकरीत एका म्हाताऱ्या उस्तादाकडून ऐकलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी त्यांनी तो केला. मिरजेला जाऊन हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याला गाठलं आणि त्याच्याकडून भाता बनवून घेतला. तो पट्ट्यानं कमरेला आणि उजव्या दंडाला बांधायचा, दंड हलवला की हवा पिशवीत जाते. पिशवी चप्पल शिवणाऱ्या कारागिरानं शिवली. तिन्ही नळ्या बसवायचा लाकडी गट्टू खाटेचे पाय कातणाऱ्यानं कातून दिला, म्हणून त्याला खाटेच्या पायासारखीच नक्षी आहे. हे सगळं जोडून त्यातून पहिला सूर निघाला तेव्हा गल्लीतली कुत्री एका दमात तालमीच्या मागं पळाली होती. मला मात्र त्या माणसापुढं हात जोडावेसे वाटले.

पिशवीतून हवा झिरपू नये म्हणून तिला आतून काहीतरी चिकट लावतात. सैन्यात त्याचा डबा स्टोअरमधून मिळायचा. हवालदारांनी विचार केला, कोल्हापुरात राहून चिकट वस्तू बाहेरून कशाला आणायची? त्यांनी अर्धा लिटर काकवी ओतली. हवा झिरपायची थांबली. दोन दिवसांनी वाजवताना थोरलीच्या तोंडातून काळ्या मुंग्या बाहेर पडायला लागल्या, खाली गट्टूपर्यंत आल्या आणि मधलीवर चढल्या. हवालदारांनी धून पुरी केली. नंतर मला कौतुकानं म्हणाले, "लाइन न्हाई मोडली हो त्यांनी. शिस्त बघा."

"पोझिशन" हा त्यांचा आवडता शब्द. जगातली निम्मी दुखणी पोझिशन चुकल्यामुळं होतात असं त्यांचं ठाम मत आहे. मिसळीच्या दुकानात अनोळखी माणसाला "पावणं, वाकू नगासा, वाटी वर घ्या" असं सांगताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. पाहुणा आधी चिडला, मग त्यानं वाटी वर घेतली आणि शर्टावर रस्सा न सांडता उठला. माझं मशीन त्यांनी फिरवून खिडकीकडं तोंड करून लावायला लावलं. "उजेड डाव्या अंगानं पायजे, मास्तर. मान किती वाकडी करतासा?" पंधरा वर्षांची माझी मानदुखी महिन्यात गेली. कबूल करायला जड जातं, पण गेली.

मागच्या पावसाळ्यात गल्लीतले एक आजोबा वारले. खांदा द्यायला पुढं आले त्यात दोघं उंच होते आणि दोघं बुटके. तिरडी अशी कलली की आजोबा घसरून उठून बसतात की काय असं वाटलं. कोपऱ्यावर हवालदारांनी सगळ्यांना थांबवलं. उंचीप्रमाणं जोड्या लावल्या, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेलाची घडी दिली, पाऊल कोणतं आधी टाकायचं ते हळू आवाजात सांगितलं. पंचगंगेपर्यंत आजोबांना एक हिसका बसला नाही. त्यांचा मुलगा नंतर हवालदारांच्या घरी जाऊन रडला. तेव्हापासून गल्लीत कोणी गेलं की पहिला निरोप हवालदारांना जातो, मग भटजींना.

असा हा माणूस आपल्याच तीन नळ्यांच्या पोझिशनपुढं मात्र हरला होता. तोंडानं वाजवायच्या पाइपात ड्रोन डाव्या खांद्यावर टाकतात आणि वाजवणारा उभा राहतो. हवालदारांनी जन्मभर तसंच वाजवलेलं. भाता उजव्या अंगाला, त्याचा डाव्या खांद्याशी काही संबंध नाही. तेव्हा नळ्या पूर्वीसारख्याच खांद्यावर टाका आणि मोकळे व्हा, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "खांद्यावर न्हाई. डावा खांदा मोकळा पायजे. आणि बसून वाजवायचं."

मी कारण विचारलं.

"ऑर्डर हाय."

"कुणाची?"

"वरनं आलीया," एवढंच म्हणाले आणि आरशाकडं बघत राहिले.

रोज दुपारी चार ते साडेचार ही त्यांची वाजवायची वेळ. त्याला ते ड्युटी म्हणायचे. दार लावून आत बसायचे. दोन-तीन मिनिटं सूर छान लागायचा, मग खडखड आवाज यायचा. नळ्या घसरल्या. थोडा वेळ शांतता, परत सुरुवात, परत खडखड. एकदा माझ्या दुकानात बसून ते फार गंभीरपणे बोलले. "वीस मिनिटं सलग, मास्तर. बसून, नळ्या आडव्या, डावा खांदा मोकळा. एवढं जमलं की मला दुसरं काय बी नगं. न्हाई जमलं तर हे समदं लाकूड चुलीत घालायच्या लायकीचं हाय. आणि टाइम कमी हाय." मला वाटलं, छातीच्या दुखण्याचं बोलताहेत. त्या दिवसापासून मी हे काम मनावर घेतलं.

गोदाक्कांबद्दल सांगायला हवं. त्यांचे कान चार वर्षांपासून जात चालले होते आणि अलीकडं पारच गेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण घरात पाइप सुरू झाला की ते कुकरसारखी शिट्टी मारायचं, म्हणून कपाटात गेलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं त्या मोठ्यानं बोलतात. त्यांच्या घरी आज भाजी कसली हे सकाळी दहाला सगळ्या गल्लीला कळतं. बॅगपाइपवाल्याला बहिरी बायको मिळाली, देवानं जोडी बघून लावली, हा विनोद आमच्याकडं प्रत्येकानं केला. सगळ्यात जास्त वेळा तो मी केला, दुकानात बसून, गिऱ्हाइकांना चहा पाजत.

तर माझे प्रयत्न. आधी गळ्यात अडकवायचा पट्टा शिवला आणि नळ्या त्यात झुलत्या ठेवल्या. थोरलीचं टोक हनुवटीखाली यायचं, त्यामुळं हवालदार छताकडं बघत वाजवायचे. मग उजव्या हातावर नळ्या टेकतील अशी गादी शिवली. पण भाता चालवायला तोच हात हलवायचा, त्यामुळं तिघीही झोके घ्यायला लागल्या आणि सूर लाटेसारखा वरखाली व्हायला लागला. मग मांडीवर उशी दिली. थोरलीचं तोंड उशीत रुतलं आणि ती मुकी झाली. नंतर हवालदारांनी स्वतःच्या डोक्यानं छताच्या पाळण्याच्या कडीला दोरी बांधून नळ्या तीत अडकवल्या. वाजवताना त्यांना ठसका आला, ते पुढं वाकले आणि नळ्या जागच्या जागी राहून पिशवी तेवढी काखेतून निघून गेली. बाकीच्या प्रयत्नांबद्दल मी बोलणार नाही, माझ्या धंद्याचा प्रश्न आहे.

गंमत अशी की माझ्या दुकानात सगळं बसायचं. आरशासमोर स्टुलावर ते ताठ बसत, नळ्या छातीवर सुतासारख्या आडव्या राहत, पाच-पाच मिनिटं हलत नसत. घरी गेलं की खडखड. मी पट्टा घट्ट केला, सैल केला, कापड बदललं. घरी जाऊन बघतो म्हटलं तर हवालदार घाईनं म्हणायचे, "नगं नगं, तुम्ही कशाला तरास घेतासा."

आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात; याच सुमारास आमच्या तालमीचा संघ अंतिम सामन्यात पोचला. तालमीचे सेक्रेटरी हवालदारांकडं आले. संघ मैदानात उतरेल तेव्हा पुढं पाइप वाजवत चाला, एवढी विनंती. हवालदार नाही म्हणाले. चालत वाजवायचं म्हणजे नळ्या खांद्यावर घ्याव्या लागणार. सेक्रेटरी दारातून हलेनात. शेवटी हवालदारांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "एकदाच."

त्यासाठी त्यांना एक खास शर्ट शिवण्यात मी आठवडा घालवला. डाव्या खांद्यावर नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची घडी, तिच्यात नळ्या बसतील अशी खाच, आणि तिघींना धरायला टिचबटणांचे तीन पट्टे. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या गच्च भरल्या होत्या. आपल्याकडं समोरच्या संघाचं काहीही सुरू झालं की शिट्ट्या मारायच्या, हा रिवाज. हवालदार मैदानात आले, भात्याचा दंड दोनदा हलला, आधी तिन्ही नळ्यांचा सूर उठला आणि त्यावर धून चढली. शिट्ट्या वाजल्याच नाहीत. एवढं मैदान, आणि एका माणसाच्या कोपराकडं सगळे बघत होते. त्यांच्या खांद्यावर त्या तीन नळ्या उभ्या होत्या, एक सूतभर हलल्या नाहीत. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा माणूस काय ताकदीचा वाजवणारा आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त माझ्या शिवणीमुळं नव्हतं. सामना आम्ही हरलो, पण आठवडाभर गल्लीत बोलणं हवालदारांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोवर हवालदार हजर. हातात तो शर्ट, धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेला. "लई झकास झालं काम, मास्तर," ते म्हणाले. "आता एवढं खांद्यावरचं उसवा आणि पट्टं छातीवर लावा."

शिंप्याला दुसऱ्याचं काम उसवायला काही वाटत नाही. स्वतःचं चुकलेलं काम उसवतानाही तो फार तर दोन शिव्या देतो. पण जे उत्तम जमलंय ते उसव म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखं आहे. मी तापट माणूस आहे, गल्लीत कोणालाही विचारा. मी म्हणालो की काल अख्खं मैदान गप्प बसवलंत, आणि आज उसवा म्हणताय? ते म्हणाले, "ते मैदानाचं झालं. माझी ड्युटी ऱ्हायलीया." मी म्हणालो, मग ड्युटीवाला दुसरा शिंपी बघा. त्यांनी शर्ट उचलला, वळले आणि गेले.

त्या दिवशी चार वाजता सूर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला त्यांच्या घरातून गोदाक्कांचा आवाज आला, "आज बी न्हाई का?" चौथ्या दिवशी परत तेच, "आज बी न्हाई?" मी कापडावर खडूनं रेघ मारत होतो, ती वाकडी गेली. पाचव्या दिवशी साडेतीनला दुकानाचं शटर ओढलं, कात्री, टेप आणि मापाची वही घेतली आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत हवालदार हात नसलेल्या खुर्चीवर बसले होते, समोर ट्रंक उघडी. पाइप सुटा केलेला. थोरलीला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळत होते. त्यांच्या डाव्या बाजूला बुटक्या बाजल्यावर गोदाक्का बसल्या होत्या. हवालदारांनी मला बघितलं आणि "या मास्तर" म्हणाले, रागाचा लवलेश नाही. त्यामुळं मला आणखी वाईट वाटलं.

मी म्हणालो, "शर्ट आणा. आत्ता उसवून देतो. पण खांदा कशापायी मोकळा पायजे, तेवढं सांगा. कारण कळल्याबिगर माप बसत न्हाई."

हवालदारांनी भिंतीकडं बघितलं, मग ट्रंकेत. त्यांचे कान लाल झाले. "ऱ्हाऊ द्या ओ मास्तर," म्हणाले, "काय सांगायचं त्यात."

गोदाक्का माझ्या ओठांकडं बघत होत्या. त्यांनी हवालदारांना विचारलं, "खांद्याचं इचारत्यात न्हवं?" हवालदार बोट ओठांवर ठेवायच्या आत त्या माझ्याकडं वळल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे दूध डेअरीपर्यंत पोचेल अशा, म्हणाल्या, "मला लागतोय की ह्यांचा खांदा. डोस्कं टेकाय."

हवालदार ताडकन उठले आणि त्यांनी खिडकी लावली.

मग सांगायलाच लागलं. एकदा पाइप जुळवताना गोदाक्का त्यांच्या अंगावरून पलीकडची वाटी घ्यायला वाकल्या आणि त्यांची कानशिलाची बाजू हवालदारांच्या खांद्याला लागली. त्या तशाच थांबल्या. पिशवी डाव्या काखेत, नळ्या छातीला टेकलेल्या, त्यांचा सूर हाडातून खांद्यात येत होता आणि खांद्यातून त्यांच्या डोक्यात जात होता. कानानं जे येत नव्हतं ते तिथून येत होतं. तेव्हापासून रोज चार वाजता दार लावायचं आणि गोदाक्कांनी डोकं टेकवून बसायचं. नळ्या खांद्यावर घेतल्या तर डोकं कुठं ठेवणार? उभं राहून वाजवलं तर पोचणार कसं? आणि बायको भर दुपारी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसते, हे या वयात गल्लीत सांगायचं तरी कसं?

हवालदार थोरलीवरचं फडकं सोडत होते, परत गुंडाळत होते. "चोवीस वर्सं मी बँडात वाजवलं," ते म्हणाले, "तवा ही गावाकडं म्हशींच्या धारा काढत हुती. मग कंपनीच्या गेटावर ऱ्हायलो, ही तिकडंच. एकत्र ऱ्हायाला आलो, तर माझा दम गेला. भाता करून वाजवाय लागलो, तवर हिचं कान गेलं. हिनं मला कवा ऐकलंच न्हाई ओ. आता खांद्यातनं जेवढं जातंय तेवढंच हाय. ते बी कमी व्हाय लागलंय."

बहिऱ्या बायकोचा तो विनोद मी किती वेळा केला होता ते मला तेव्हा आठवलं. मला माझीच इतकी लाज वाटली की मी टेप उलगडायला लागलो. म्हणालो, पाइप जोडा, माप दोघांचं घ्यायचंय.

पण गोदाक्का ऐकेनात. परक्या पुरुषासमोर तसं बसायचं नाही म्हणजे नाही. हवालदारांनी हातवारे करून समजावलं, त्यांनी पदर आणखी पुढं ओढला. शेवटी असं ठरलं की मी भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. हवालदारांचे दोन्ही हात पाइपात अडकलेले, म्हणून टेप धरायची गोदाक्कांनी. त्यांना माझं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून मी हवालदारांना सांगायचं, त्यांनी मानेनं आणि भुवयांनी गोदाक्कांना दाखवायचं. माझ्यासमोर भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यातल्या अंबाबाईकडं बघत मी उभा राहिलो. तीस वर्षांत असं माप घेतलं नव्हतं.

"साडेतेवीस," गोदाक्का मागून ओरडल्या. मी वहीत लिहिलं. खुर्चीच्या बैठकीपासून हवालदारांच्या डाव्या खांद्यापर्यंत साडेतेवीस. मग उजवा खांदा मोजायला सांगितला.

"सव्वीस."

मी पेन्सिल थांबवली. दुकानात या माणसाच्या दोन्ही खांद्यांत मला पाव इंचाचासुद्धा फरक सापडला नव्हता. न वळता विचारलं, "हवालदार, तुमी डाव्या अंगाला झुकलाय काय?"

"थोडासा," हवालदार म्हणाले. "तिचं डोस्कं पोचाय पायजे न्हवं."

एवढंच होतं. बाजलं बुटकं, गोदाक्का ठेंगण्या. त्यांचं डोकं टेकावं म्हणून हा माणूस रोज अर्धा तास डावा खांदा अडीच इंच खाली धरून बसायचा, आणि अंग कललं की छातीवरच्या नळ्या घसरायच्या. सगळ्या पेठेची पोझिशन सुधारणाऱ्या माणसाला स्वतःची दिसली नव्हती, आणि माझ्या दुकानात एकटाच येऊन बसल्यामुळं मलाही दिसली नव्हती. मी सात वेळा अर्धंच माप घेतलं होतं. पट्टा लागत नव्हता, उशी लागत नव्हती, बटणं लागत नव्हती. मी वळायची परवानगी मागितली, टेप परत घेतली, कोपऱ्यातल्या दोन गोधड्या चौपदरी करून बाजल्यावर घातल्या, हातानं दाबून बघितल्या आणि वर एक चादर पसरली. गोदाक्का त्यावर बसल्या. मी परत अंबाबाईकडं तोंड केलं.

भात्याचा श्वास ऐकू आला. तिन्ही नळ्या एकेक करून जाग्या झाल्या आणि धून सुरू झाली. मैदानावर वाजवलेली ती जोरकस चाल नव्हती. सावकाश काहीतरी होतं, भात लावताना बायका म्हणतात तसल्या वळणाचं. दोन मिनिटं गेली. तीन गेली. खडखड होणार म्हणून मी अंग आखडून उभा होतो. पाच गेली, दहा गेली. एकदाही काही घसरलं नाही. माझे पाय अवघडले, तरी मी जागचा हललो नाही.

वीस मिनिटं तरी झाली असतील. धून संपली, नळ्यांचा सूर थोडा रेंगाळला आणि बंद झाला. हवालदारांनी सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. मग गोदाक्का बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांचं एक वाक्य मी एवढ्या हळू आवाजात ऐकलं नव्हतं.

"थांबलासा का? येतंय की मला ऐकाय."

भाता परत हलायला लागला. मी कात्री, टेप आणि वही खिशात घातली, भिंतीच्या कडेनं, मागं न बघता, दारापर्यंत गेलो, चपला हातात घेतल्या आणि दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.